डिजिटल कॅमेरा निवडताना झूमचे आकडे कसे वाचावेत

कॅमेऱ्याच्या खोक्यावर सर्वांत ठळक छापलेला आकडा बहुतेक वेळा झूमचा असतो: ३०एक्स, ६०एक्स, ८३एक्स. दुकानदार आधी तोच सांगतो आणि गिऱ्हाईकही आधी तोच विचारते. मात्र दूरची वस्तू फोटोत किती मोठी आणि किती स्पष्ट येणार, हे ठरवण्यात या आकड्याचा वाटा फार थोडा असतो. ते ठरते लेन्सच्या दोन्ही टोकांच्या (रुंद दृश्याच्या आणि लांबच्या) फोकल लेन्थवर, म्हणजे ती दृश्य किती जवळ आणते हे सांगणाऱ्या मिमीतल्या आकड्यावर, लांबच्या टोकाला प्रकाश आत सोडणाऱ्या झरोक्यावर, म्हणजेच अ‍ॅपर्चरवर, सेन्सरच्या (प्रकाश टिपून फोटो बनवणाऱ्या चिपच्या) आकारावर आणि त्या टोकाला कॅमेरा हातात किती स्थिर राहतो यावर. हे आकडे कंपनीच्या तपशिलात दिलेले असतात, फक्त ते बारीक अक्षरांत असतात. ते कोणत्या क्रमाने वाचावेत आणि त्यांवरून आपल्या गरजेचा कॅमेरा कसा ओळखावा, हे पुढे सविस्तर दिले आहे. उदाहरणे मुख्यतः पक्षी आणि वन्यजीव यांची घेतली आहेत, कारण झूमचा खरा कस तिथेच लागतो.

## ‘एक्स’ म्हणजे नेमके काय

एक्सचा आकडा हा साधा भागाकार आहे. लेन्सच्या सर्वांत जास्त फोकल लेन्थला सर्वांत कमी फोकल लेन्थने भागले की तो मिळतो. २४ पासून १२० मिमीपर्यंत जाणारी लेन्स पाचपट झूमची असते आणि १०० पासून ५०० मिमीपर्यंत जाणारीही पाचपटच. पहिलीने वाड्याच्या चौकात उभे राहून जवळजवळ सगळा चौक टिपता येतो, दुसरीने तळ्याच्या पलीकडच्या काठावरचा बगळा टिपता येतो, आणि खोक्यावरचा आकडा मात्र दोघींचा एकच. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांमध्ये लोकप्रिय असलेली १५० ते ६०० मिमीची लेन्स या हिशेबाने केवळ चौपट ठरते, तरीही २४ ते ४८० मिमीच्या वीसपट झूमच्या कॅमेऱ्यापेक्षा तिची पोहोच जास्त असते.

हा आकडा दुर्बिणीच्या पटीशीही जुळत नाही. आठपट दुर्बीण म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसते त्याच्या आठपट. कॅमेऱ्यात डोळ्यांना स्वाभाविक वाटणारे दृश्य साधारण ५० मिमीला मिळते असे धरतात, म्हणजे आठपट दुर्बिणीशी बरोबरी करायला ४०० मिमी लागतात. २४ मिमीपासून सुरू होणारा वीसपट झूम दुर्बिणीच्या मापाने साडेनऊपटीच्या आसपासच भरतो. पक्षीनिरीक्षणाची सवय असलेल्यांनी ही तुलना लक्षात ठेवावी, म्हणजे आपण दुर्बिणीतून जे पाहतो ते कॅमेऱ्यात यायला किती लेन्स लागेल याचा अंदाज पटकन बांधता येतो.

म्हणून पहिले काम असे की, एक्सचा आकडा बाजूला ठेवावा आणि तपशिलाच्या पानावर ‘३५ मिमी समतुल्य’ या नावाखाली दिलेले दोन आकडे शोधावेत.

## समतुल्य फोकल लेन्थ वाचताना

निकॉन कूलपिक्स पी९५० या कॅमेऱ्याच्या लेन्सवर ४.३–३५७ मिमी असे लिहिलेले असते, आणि त्याच्याच तपशिलात २४–२००० मिमी असे आकडे दिलेले असतात. दोन्ही खरे आहेत. पहिले आकडे लेन्सच्या प्रत्यक्ष फोकल लेन्थचे आहेत. दुसरे आकडे सांगतात की या कॅमेऱ्यात जेवढे दृश्य मावते, तेवढेच दृश्य ३६ × २४ मिमीच्या फुलफ्रेम सेन्सरवर मिळवायला किती मिमीची लेन्स लागली असती. वेगवेगळ्या कॅमेऱ्यांची तुलना करायची असेल, तर ती नेहमी समतुल्य आकड्यांचीच करावी.

लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांत हा गुणाकार आपल्याला स्वतः करावा लागतो. निकॉन, सोनी आणि फुजीफिल्म यांच्या एपीएस-सी सेन्सरसाठी (हा फुलफ्रेमपेक्षा लहान असतो) लेन्सवरचा आकडा १.५ ने गुणावा, कॅननच्या एपीएस-सीसाठी १.६ ने आणि मायक्रो फोर थर्ड्स या आणखी लहान सेन्सरसाठी २ ने. कॅननच्या अशा कॅमेऱ्यावर ५५–२५० मिमीची लेन्स लावली की ती ८८–४०० मिमीचे दृश्य देते. क्रॉप, म्हणजे फुलफ्रेमहून लहान, सेन्सरमुळे लेन्स लांब होते असे दुकानात सर्रास सांगतात; खरे तर लेन्स आहे तेवढीच राहते आणि छोटा सेन्सर तिच्या चित्राचा फक्त मधला भाग घेतो.

मिमीचा आकडा डोळ्यांपुढे उभा राहावा म्हणून त्याचे रुंदीत रूपांतर करून पाहावे. ३६ ला अंतराने गुणून फोकल लेन्थने भागले की त्या अंतरावर फ्रेमची रुंदी मिळते. शंभर मीटरवर २४ मिमीला दीडशे मीटर रुंद दृश्य येते, २०० मिमीला अठरा मीटर, ६०० मिमीला सहा मीटर आणि २००० मिमीला जेमतेम पावणेदोन मीटर. या शेवटच्या आकड्यावरून एक गोष्ट लक्षात यावी: इतक्या अरुंद चौकटीत फांदीवरचा पक्षी शोधणे हेच मोठे काम होऊन बसते.

लांबच्या टोकाच्या नादात रुंद टोकाकडे दुर्लक्ष होते, ते होऊ देऊ नये. सभामंडप, घरातली गणपतीची आरास, गडावरून दिसणारी दरी, लग्नातला सगळ्या नातेवाइकांचा फोटो ही कामे रुंद टोकाची आहेत. २४ आणि २८ मिमी यांतला फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण लहान खोलीत भिंतीला पाठ टेकल्यावर तो चांगलाच जाणवतो. एकच कॅमेरा सर्व कामांना वापरायचा असेल, तर २४ किंवा त्याहून कमी मिमीपासून सुरू होणाराच घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे.

## आपल्याला किती मिमी लागतील

या पायरीला वेळ द्यावा, कारण इथे केलेला पाच मिनिटांचा हिशेब पुढची चुकीची खरेदी टाळतो. आपण कशाचे फोटो काढणार, ती वस्तू किती उंच असते आणि साधारण किती अंतरावरून दिसते, हे कागदावर लिहावे. फुलफ्रेम चौकटीची उंची २४ मिमी असते. त्या उंचीचा केवढा भाग वस्तूने व्यापावा हे ठरवावे, ते माप अंतराने गुणावे आणि वस्तूच्या उंचीने भागावे. जे उत्तर येते ती लागणारी समतुल्य फोकल लेन्थ.

उजनी धरणाच्या फुगवट्यावर भिगवणजवळ हिवाळ्यात रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो, पाहायला पुष्कळ लोक जातात. उभा रोहित सव्वा मीटरच्या आसपास उंच असतो. हिशेबाला सोपे जावे म्हणून १.२ मीटर धरू. कुंभारगावच्या बाजूने निघालेली नाव थव्यापासून साठ मीटरवर थांबली आणि पक्ष्याने फ्रेमची निम्मी उंची, म्हणजे १२ मिमी, व्यापावी अशी आपली इच्छा आहे असे समजू. १२ गुणिले ६० भागिले १.२ म्हणजे ६०० मिमी. पाण्यावरून उडणारा सगळा थवा हवा असेल, तर त्याच जागेवरून २०० मिमीही पुरतात, आणि तो फोटो पुष्कळदा एकट्या पक्ष्याच्या फोटोपेक्षा सरस असतो.

छोटा खंड्या मात्र केवळ सोळा सेंटिमीटरचा असतो. तो पंधरा मीटरवर बसला आहे आणि त्याने फ्रेमच्या उंचीचा एक तृतीयांश भाग घ्यावा असे म्हटले, तर ७५० मिमी लागतात. म्हणजे जवळ बसलेल्या लहान पक्ष्याला दूरच्या मोठ्या पक्ष्यापेक्षा जास्त झूम लागतो. याउलट ताडोबात जिप्सीपासून पंचवीस मीटरवर उभा असलेला वाघ निम्मी फ्रेम व्यापायला ३०० मिमी पुरेसे होतात, कारण खांद्यापाशी त्याची उंची मीटरभर असते. वाघासाठी म्हणून १२०० मिमीचा कॅमेरा घेणाऱ्यांनी हा हिशेब अवश्य करून पाहावा. सफारीत अडचण बहुधा अंतराची नसते, पहाटेच्या आणि संध्याकाळच्या अपुऱ्या प्रकाशाची असते.

शाळेच्या स्नेहसंमेलनात वीस मीटरवरून रंगमंचावरचे मूल पूर्ण उंचीत टिपायला साधारण २०० ते २५० मिमी लागतात. चंद्रासाठी वेगळा आणि सोपा नियम आहे: समतुल्य फोकल लेन्थला ११० ने भागले की चौकटीवर चंद्र किती मिमीचा येईल ते कळते. १००० मिमीला तो नऊ मिमीचा येतो, २००० मिमीला अठराचा, आणि ३००० मिमीला तो फ्रेममध्ये नीट मावतही नाही.

अशी चार-पाच उदाहरणे आपल्या आवडीप्रमाणे सोडवली की गरजेचा आकडा समोर येतो. बहुतेकांच्या बाबतीत तो ४०० ते ८०० च्या दरम्यान असतो आणि खोक्यावरच्या आकड्यापेक्षा बराच लहान निघतो.

## डिजिटल झूम हिशेबात धरू नये

ऑप्टिकल झूममध्ये लेन्सच्या आतली भिंगे सरकतात आणि सेन्सरवर पडणारे चित्रच मोठे होते. डिजिटल झूममध्ये काहीही सरकत नाही. सेन्सरवर आलेल्या चित्राचा मधला तुकडा कापून तो ताणला जातो, छापील फोटोचा कोपरा कात्रीने कापून मोठा करून घ्यावा तसा. दुप्पट डिजिटल झूम केला की २० मेगापिक्सेलांपैकी ५ उरतात, चौपट केला की सव्वा.

कंपन्यांनी याला आकर्षक नावे दिली आहेत. निकॉनचा डायनॅमिक फाइन झूम, सोनीचा क्लिअर इमेज झूम, कॅननचा झूमप्लस, पॅनासॉनिकचा आय-झूम ही सर्व कापणी आणि संगणकीय सुधारणा यांची मिश्रणे आहेत. दुप्पटीच्या आत ती सुसह्य असतात आणि जेपीईजी फोटो काढून तो तसाच नातेवाइकांना पाठवायचा असेल तर उपयोगीही पडतात. परंतु रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली, फाइल काढणाऱ्याने हीच कापणी घरी संगणकावर करावी. तिथे कुठे कापायचे हा निर्णय तरी आपल्या हातात राहतो. जाहिरातीत ऑप्टिकल आणि डिजिटल यांचा गुणाकार करून ‘टोटल झूम’ असा एकच आकडा दिला असेल, तर तो वाचूच नये.

## लांबच्या टोकाला किती प्रकाश मिळतो

झूमविषयी सर्वांत कमी बोलली जाणारी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची बाब हीच आहे. तपशिलात अ‍ॅपर्चरचे दोन आकडे असतात, उदाहरणार्थ एफ/२.८–६.५. पहिला रुंद टोकाचा, दुसरा लांबच्या टोकाचा. आकडा जितका मोठा तितका झरोका लहान. जाहिरातीत पहिला मिरवला जातो, आपल्याला मात्र दुसरा भोगावा लागतो. एफ/२.८ वरून एफ/५.६ वर गेल्यास सेन्सरवर पडणारा प्रकाश चौथ्या हिश्शावर येतो, एफ/८ वर गेल्यास आठव्या हिश्शावर.

भर उन्हात यामुळे फारसे बिघडत नाही. एफ/६.५ ला आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदना) १०० वर १/६०० सेकंदाच्या आसपास शटर, म्हणजे प्रकाश आत येण्याचा वेळ, मिळते आणि बसलेल्या पक्ष्याला ते पुरते. पण सूर्य उगवता उगवता प्रकाश सोळापट कमी असेल, तर त्याच शटरसाठी आयएसओ १६०० वर न्यावा लागतो आणि पक्षी उडाला तर त्याहूनही वर. अशा वेळी सेन्सरचा आकार निर्णायक ठरतो. बहुतेक मोठ्या झूमच्या कॅमेऱ्यांत १/२.३ इंची सेन्सर असतो, त्याची मापे सुमारे ६.२ × ४.६ मिमी. एक इंची म्हटल्या जाणाऱ्या सेन्सरचे क्षेत्रफळ त्याच्या चौपट, एपीएस-सीचे तेरापट आणि फुलफ्रेमचे तीसपट. छोट्या सेन्सरवर आयएसओ १६०० ला पिसांचे बारकावे पुसट होऊन त्यांच्या जागी रंग फासल्यासारखे डाग दिसू लागतात.

आता चार प्रत्यक्ष कॅमेरे शेजारी ठेवून पाहू. यांतली काही मॉडेल नवी मिळणे कठीण असू शकते, पण आकडे कसे वाचावेत हे शिकण्यासाठी ती उत्तम आहेत. कॅनन पॉवरशॉट एसएक्स७० मध्ये २१–१३६५ मिमी, एफ/३.४–६.५ आणि छोटा सेन्सर. वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास. निकॉन पी९५० मध्ये २४–२००० मिमी, एफ/२.८–६.५, छोटा सेन्सर. वजन एक किलो. निकॉन पी१००० मध्ये २४–३००० मिमी, एफ/२.८–८, तोच छोटा सेन्सर, वजन १.४ किलो. सोनी आरएक्स१० च्या चौथ्या आवृत्तीत २४–६०० मिमी, एफ/२.४–४ आणि एक इंची सेन्सर, वजन १.१ किलो. खोक्यावर यांचे आकडे अनुक्रमे ६५, ८३, १२५ आणि २५ असे येतात. नुसत्या एक्सवर गेलो तर सोनी सर्वांत मागे पडतो.

लेन्सच्या तोंडातून किती रुंद झरोका प्रकाश आत घेतो हे काढण्यासाठी प्रत्यक्ष फोकल लेन्थला अ‍ॅपर्चरच्या आकड्याने भागावे. सोनीच्या लांबच्या टोकाला २२० भागिले ४ म्हणजे ५५ मिमी. पी९५० च्या लांबच्या टोकाला ३५७ भागिले ६.५, म्हणजे तेही ५५ मिमी. दूरच्या पक्ष्याकडून येणारा प्रकाश दोघे सारखाच गोळा करतात. पी९५० तो जास्त पिक्सेलांवर पसरवतो, म्हणून चांगल्या उजेडात फार दूरच्या पक्ष्याचे तपशील त्याच्यात अधिक मिळतात. पण पक्षी जवळ असेल आणि ६०० मिमीच पुरे असतील, तर पी९५० ची प्रत्यक्ष फोकल लेन्थ १०७ मिमी असते आणि अ‍ॅपर्चर एफ/४ धरले तरी झरोका २७ मिमीचाच उरतो. तिथे सोनी चौपट प्रकाश घेतो, आणि पहाटेच्या धुक्यात हा फरक फोटो मिळणे आणि न मिळणे यांतला असतो.

पी१००० चा झरोका याच हिशेबाने ६७ मिमीचा निघतो. २००० वरून ३००० मिमी, म्हणजे दीडपट झूम. पण झरोका मात्र जेमतेम सव्वापट. प्रकाशाच्या विवर्तनामुळे लेन्स किती बारीक तपशील वेगळे दाखवू शकते ते या झरोक्याच्या रुंदीवर अवलंबून असते. एफ/८ ला एका बिंदूचे चित्र सुमारे १० मायक्रॉन रुंदीचा ठिपका होते आणि या सेन्सरवरचा पिक्सेल १.३ मायक्रॉनचा आहे. परिणामी पक्षी दीडपट मोठा दिसतो, पण त्याच्या पिसांचे तपशील दीडपट वाढत नाहीत. जास्तीच्या चारशे ग्रॅम वजनाचा निर्णय हे लक्षात घेऊनच करावा.

## हात, शटर आणि हवा

स्थिरीकरणाशिवाय हातात धरून फोटो काढताना शटर किमान फोकल लेन्थच्या आकड्याइतके जलद ठेवावे, असा जुना नियम आहे: २००० मिमीला १/२००० सेकंद. कॅमेऱ्यातले ऑप्टिकल स्थिरीकरण हे बंधन सैल करते. पाच स्टॉपचे (दर स्टॉपला दुप्पट) स्थिरीकरण म्हणजे कागदावर बत्तीसपट सवलत, म्हणजे १/६० सेकंदातही हाताचा कंप दिसू नये. प्रत्यक्षात इतकी सवलत गृहीत धरू नये. निम्मी मिळाली तरी समाधान मानावे. शिवाय स्थिरीकरण आपल्या हाताचा कंप थोपवते, पक्ष्याची मान थोपवत नाही. बसलेल्या पक्ष्याला १/५०० आणि उडणाऱ्याला १/२००० च्या आसपास शटर लागतेच, आणि त्यासाठी पुन्हा प्रकाशच लागतो.

तपशिलात ‘इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरण’ असे लिहिले असेल तर सावध व्हावे. ते व्हिडिओत फ्रेमच्या कडा कापून काम करते. स्थिर फोटोसाठी ऑप्टिकल किंवा सेन्सर हलवणारेच स्थिरीकरण हवे.

नावेत ट्रायपॉड उभा करू नये, कारण इंजिनाची थरथर त्याच्या पायांतून थेट कॅमेऱ्यात चढते. नावाड्याला इंजिन बंद करायला सांगावे, खाली बसावे, कोपरे गुडघ्यांवर टेकावेत, व्ह्यूफाइंडर (डोळा लावून पाहायची खिडकी) भुवईला दाबून धरावा आणि श्वास सोडता सोडता तीन-चार फोटोंची मालिका घ्यावी. जिप्सीत तांदूळ किंवा थर्मोकोलचे दाणे भरलेली बीन बॅग गजावर ठेवून लेन्स तिच्यावर टेकवली की कोणत्याही महागड्या सामानापेक्षा ती अधिक आधार देते. पायी फिरणाऱ्याला मोनोपॉड, म्हणजे एकाच पायाचा आधार, सोयीचा.

एका मर्यादेवर मात्र कोणताही कॅमेरा उपाय करू शकत नाही, ती म्हणजे मधली हवा. ऊन चढले की जमीन आणि पाणी यांच्यावरची हवा तापून थरथरू लागते आणि दोनशे मीटरवरचा पक्षी कितीही झूम केला तरी वितळल्यासारखा दिसतो. फोटो मऊ आले म्हणून कॅमेरा बदलण्याआधी ते सकाळी दहाच्या आधी काढून पाहावेत. गाडीच्या खिडकीतून फोटो काढताना काच पूर्ण खाली करावी आणि आतला एसी बंद करून थोडा वेळ थांबावे, कारण आतली थंड आणि बाहेरची गरम हवा खिडकीपाशीच मिसळत असते.

याच कारणाने मी लांब पोहोचेचा आग्रह एका मर्यादेतच धरतो. फार दूरच्या पक्ष्याचा उत्तम फोटो निसर्गच होऊ देत नाही. त्याच वेळी नाव थव्याच्या जवळ न्या असा हट्ट नावाड्याकडे कधीही धरू नये. रोहित पक्षी चरत असताना पुन्हा पुन्हा उडवले गेले, तर त्यांचे खाणे तुटते आणि शक्ती वाया जाते. पुरेसा झूम घेण्याचे सर्वांत चांगले कारण हेच आहे की पक्ष्याला न हलवता फोटो मिळावा.

## वापरताना कळणाऱ्या गोष्टी

लांब झूमला पक्षी फ्रेममधून निसटला की तो पुन्हा सापडणे अवघड असते. निकॉनच्या पी मालिकेत यासाठी लेन्सच्या कडेला एक बटण असते. ते दाबून धरले की दृश्य क्षणभर रुंद होते आणि सोडले की पुन्हा मूळ झूमवर येते. कॅननच्या एसएक्स मालिकेतही फ्रेमिंग असिस्ट नावाची अशीच सोय आहे. ही सोय नसलेला ८०० मिमीच्या पुढचा कॅमेरा मी कोणालाही सुचवणार नाही. व्ह्यूफाइंडरही याच कारणाने आवश्यक आहे: उन्हात मागचा पडदा दिसत नाही, आणि हात लांब करून धरलेला कॅमेरा स्थिर राहत नाही.

लांबच्या टोकाला कॅमेरा किती जवळचे फोकस करू शकतो, हा आकडाही पाहावा. आरएक्स१० ६०० मिमीला पाऊण मीटरच्या आतही फोकस करतो, त्यामुळे कासच्या पठारावर फुलांवर बसलेले फुलपाखरू त्याच कॅमेऱ्यात मिळते. पी१००० ला पूर्ण झूममध्ये सुमारे सात मीटरच्या आतले फोकसच होत नाही.

व्हिडिओ काढणाऱ्यांनी चित्रीकरण चालू असताना झूम सावकाश आणि एकसारखा सरकतो का, त्याच्या मोटारीचा आवाज ध्वनिमुद्रणात येतो का आणि ४के निवडल्यावर दृश्य आणखी अरुंद होते का, हे तीन प्रश्न विचारावेत.

## मोबाईल, ब्रिज कॅमेरा की वेगळी लेन्स

मोबाईलमध्ये झूम म्हणजे बहुधा दोन-तीन ठरावीक लेन्स आणि त्यांच्या मधली जागा भरणारी कापणी. २०२० साली आलेल्या सॅमसंग गॅलॅक्सी एस२० अल्ट्राच्या पाठीवरच १००एक्स असे छापलेले होते. त्यातल्या टेलिफोटो लेन्सची स्वतःची पोहोच मात्र सुमारे १०० मिमी होती. पाचपट टेलिफोटो असलेला मोबाईल १२० मिमीच्या आसपास पोहोचतो, आणि घरगुती समारंभांना तेवढे पुष्कळ होते. पक्ष्यांना ते पुरत नाही. शिवाय ताडोबासारख्या व्याघ्र प्रकल्पांत सफारीदरम्यान मोबाईल वापरण्यावर निर्बंध असतात, त्यामुळे तिथे स्वतंत्र कॅमेरा लागतोच.

लेन्स न बदलता येणारा ब्रिज कॅमेरा प्रवासाला सर्वांत सुटसुटीत. एका पिशवीत रुंद दृश्यापासून चंद्रापर्यंत सर्व काही मावते आणि लेन्स बदलताना सेन्सरवर धूळ बसण्याची भीती नसते. नुकतीच आवड लागलेल्याने, ओळख पटवण्यापुरते पक्ष्यांचे फोटो हवे असलेल्याने आणि पाठीवर ओझे नको असलेल्या ज्येष्ठांनी यातच निवड करावी.

मोठे प्रिंट काढायचे असतील, उडते पक्षी टिपायचे असतील किंवा पहाटे आणि जंगलात काम करायचे असेल, तर एपीएस-सी किंवा फुलफ्रेम कॅमेरा आणि १००–४०० किंवा १५०–६०० मिमीची लेन्स हाच मार्ग आहे. एपीएस-सीवर १५०–६०० ची लेन्स २२५–९०० मिमीचे दृश्य देते. मात्र अशा लेन्सचे वजन दोन किलोच्या आसपास असते, आणि ती लावलेली असताना वाघ अगदी जिप्सीजवळून गेला तर तो फ्रेममध्ये मावत नाही. दुसऱ्या लेन्सची किंमत सुरुवातीलाच अंदाजपत्रकात धरावी.

## दुकानातली तपासणी

एक रिकामे मेमरी कार्ड सोबत न्यावे. कॅमेरा हातात घेतल्यावर प्रथम मेनूत जाऊन डिजिटल झूम बंद करावा, नाहीतर झूमचा दांडा ओढल्यावर ऑप्टिकल कुठे संपले ते कळत नाही. मग दुकानाच्या दारात उभे राहून रस्त्यापलीकडची पाटी निवडावी, शक्यतो बारीक अक्षरांची. पूर्ण झूम करून तिचे पाच फोटो घ्यावेत, नंतर तिथूनच मधल्या झूमला पाच. कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते पूर्ण मोठे करून पाहावेत. पाचपैकी निदान तीन फोटोंत अक्षरांच्या कडा स्वच्छ असाव्यात. एकच स्पष्ट आणि चार हललेले असतील, तर दोष लेन्सचा नसून स्थिरीकरणाचा किंवा आपल्या पकडीचा आहे, आणि हाच कॅमेरा आपल्याला जड पडणार आहे.

यानंतर दुकानाच्या आत वळून कोपऱ्यातल्या अंधाऱ्या फडताळावरची एखादी वस्तू पूर्ण झूमला टिपावी. फोकस मागेपुढे शोधत राहिले किंवा लागलेच नाही, तर संध्याकाळच्या जंगलातही तसेच होणार. कॅमेरा बंद करून पुन्हा चालू करावा आणि पूर्ण झूमपर्यंत जायला किती वेळ लागतो ते मनात मोजावे. लेन्स पूर्ण बाहेर आलेली असताना तिचे तोंड बोटांनी हलकेच धरून पाहावे: किंचित खेळ असणे स्वाभाविक आहे, पण ती खडखडत असेल किंवा एका बाजूला झुकत असेल तर तो नग घेऊ नये. जुना कॅमेरा घेताना तर ही तपासणी टाळूच नये. पूर्ण बाहेर आलेल्या लेन्समध्ये उजेड धरून आत धूळ आणि बुरशीचे जाळे आहे का तेही पाहावे, कारण कोकण आणि मुंबईच्या दमट हवेत बुरशी लवकर धरते.

मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजार भागात कॅमेऱ्यांची बरीच दुकाने शेजारी शेजारी आहेत, त्यामुळे दोन-तीन मॉडेल एकाच फेरीत हाताळून पाहता येतात. किंमत विचारताना भारतातली कंपनीची वॉरंटी आहे का, हे आधी विचारावे आणि बिलावर कॅमेऱ्याचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. बाहेरून आणलेला माल स्वस्त पडतो, पण झूम लेन्सची मोटार बिघडली तर अशा कॅमेऱ्याची दुरुस्ती आपल्याच खिशातून करावी लागते.

कार्डावरचे फोटो घरी संगणकावर उघडावेत. प्रत्येक फोटोच्या माहितीत फोकल लेन्थ, अ‍ॅपर्चर, शटर आणि आयएसओ नोंदलेले असतात. मित्रांकडे वेगवेगळे कॅमेरे असतील, तर त्यांच्याकडूनही आपल्याला आवडलेल्या फोटोंच्या मूळ फाइल मागून घ्याव्यात आणि त्यातले आकडे पाहावेत. समतुल्य फोकल लेन्थ दिलेली नसेल तर सेन्सरप्रमाणे गुणाकार करून ती काढावी. आवडलेले बहुतेक फोटो ३०० ते ५०० च्या दरम्यान काढलेले निघाले, तर २००० मिमीच्या कॅमेऱ्यासाठी ठेवलेले पैसे एफ/४ च्या लेन्सवर किंवा मोठ्या सेन्सरवर खर्च करावेत.